उलानबातर ते हेरात : मंगोल भाषांचा माग

मंगोलियाच्या राजधानीचे नाव तिथल्या सरकारी पाट्यांवर दोनदा लिहिलेले असते. आडव्या सिरिलिक लिपीत ते वाचायचे ‘उलानबातर’, म्हणजे लोक बोलतात साधारण तसेच. शेजारच्या उभ्या मंगोल लिपीत मात्र अक्षरे ‘उलागान बागातुर’ अशी आहेत. अर्थ एकच, ‘लाल वीर’. मंगोल भाषांच्या ध्वनिशास्त्रातला पहिला धडा या दोन पाट्यांच्या मधल्या अंतरात आहे. जुन्या भाषेत दोन स्वरांच्या मध्ये असलेला घशातला ‘ग’ कालांतराने गळाला आणि उरलेले दोन स्वर एकमेकांत मिसळून दीर्घ झाले. ‘उलागान’चे ‘उलान’ झाले, ‘खागान’चे ‘खान’ आणि ‘आगुला’, म्हणजे डोंगर, याचे ‘ऊल’. बागातुर हा शब्द मधला व्यंजनध्वनी पुरता जाण्यापूर्वी फारसीत गेला, तिथे ‘बहादुर’ झाला आणि त्याच रूपात मराठीतही आला. उभी लिपी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला उइगुरांकडून आली आणि तिने तेव्हाची किंवा त्याहून जुनी वर्णरचना धरून ठेवली. सिरिलिक १९४० च्या दशकात आली आणि तिने राजधानीतला उच्चार नोंदवला. २०१५ च्या भाषा कायद्यानुसार १ जानेवारी २०२५ पासून सरकारी कामकाजात दोन्ही लिप्या वापरायच्या आहेत. त्यामुळे भाषाशास्त्राचे पुस्तक न उघडताही हे अंतर आता रस्त्यावर दिसते.

हे अंतर प्रथम पद्धतशीर मोजले ते गुस्ताफ यॉन रामस्टेट या फिनलंडच्या अभ्यासकाने. त्याच्याआधी व्याकरणे नव्हती असे नाही. इसाक याकोब श्मिट याचे मंगोल व्याकरण १८३१ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये छापले गेले. हद्दपार होऊन कझानला आलेल्या युझेफ कोवालेव्स्की या पोलिश विद्वानाचा तीन खंडांचा मंगोल-रशियन-फ्रेंच कोश १८४४ ते १८४९ या काळात निघाला. पण ही सगळी पोथीतली भाषा होती. रामस्टेट १८९८ मध्ये पत्नी आणि लहान मुलीसह पूर्वेकडे निघाला आणि तेव्हा उर्गा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच शहरात राहून लोकांचे बोलणे टिपत बसला. १९०२ मध्ये त्याने लेखी मंगोल आणि उर्गेची बोली यांची ध्वनिदृष्ट्या तुलना प्रसिद्ध केली. जुनी वर्णरचना अडाणी किंवा अनियमित नाही, बोलीतला प्रत्येक फरक तिच्यापासून नियमाने काढता येतो, हे त्याने दाखवले. तुर्की, मंगोल आणि तुंगूस भाषा एकाच ‘अल्ताई’ मुळातून निघाल्या, हा सिद्धान्त मांडणाऱ्यांतही तो अग्रभागी होता. हा सिद्धान्त मात्र तितका पक्का निघाला नाही. गेरहार्ड ड्योर्फर आणि इतरांनी त्यातले पुष्कळसे साम्य उसनवारीचे असल्याचे दाखवले आणि आज बहुतेक अभ्यासक मंगोल भाषांना स्वतंत्र कुळ मानून काम करतात. उर्गेतली टिपणे मात्र अजून कामाला येतात. सिद्धान्त जुने होतात, नीट केलेली नोंद होत नाही.

राजधानीत बोलली जाते ती खाल्खा बोली. तिच्यातली सर्वात चर्चिली गेलेली गोष्ट म्हणजे स्वरसंवाद. एका शब्दात कोणते स्वर एकत्र यायचे ते पहिल्या स्वरावरून ठरते आणि प्रत्ययही त्याप्रमाणे आपला स्वर बदलतात. मराठीतल्या ‘-हून’सारखा अपादानाचा प्रत्यय घ्या. ‘गर’ म्हणजे हात, त्याचे ‘गरास’ होते. ‘गेर’ म्हणजे घर, त्याचे ‘गेरेस’. ‘नोम’ म्हणजे पुस्तक, त्याचे ‘नोमोस’. प्रत्यय एकच, पण तो प्रत्येक शब्दाचा रंग घेतो. मंगोल व्याकरणकार या स्वरगटांना पुरुष आणि स्त्री म्हणतात आणि ‘इ’ला तटस्थ.

हे गट नेमके कशावरून पडतात, याबद्दल गेल्या चार दशकांत चांगला वाद झाला आहे. जुन्या पुस्तकांत उत्तर सोपे होते : एका गटात जिभेचा मागचा भाग काम करतो, दुसऱ्यात पुढचा, तुर्कीसारखे. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या यान-ओलोफ स्वान्तेसन यांनी १९८५ मध्ये दाखवले की आजच्या खाल्खात तसे राहिलेले नाही. आज फरक जिभेच्या मुळाचा आहे. पुरुष गटातले स्वर उच्चारताना जिभेचे मूळ मागे खेचले जाऊन घसा आवळतो, स्त्री गटातले उच्चारताना तो मोकळा राहतो. म्हणूनच सिरिलिकमधली ‘उ’ची दोन वेगळी अक्षरे नवख्या कानाला सारखी वाटतात, फरक ओठांत नसून खूप आत, घशात आहे. स्वान्तेसन यांच्या मते जुनी व्यवस्था तुर्कीसारखीच होती आणि पुढे सगळे स्वर एका दिशेने फिरले. कॉर्नेल विद्यापीठात २०१२ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या सोंगयोन को यांनी नेमके उलटे मांडले : घशाचा भेदच मूळचा, आणि काल्मिकसारख्या पश्चिमेकडच्या बोलींत तो जिभेच्या पुढे-मागे होण्यात बदलला. मला को यांची बाजू अधिक पटते, कारण तिच्यात मधल्या काळातली वळणे कमी गृहीत धरावी लागतात. पण हा वाद मिटलेला नाही. स्वान्तेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मंगोल ध्वनिव्यवस्थेवरचा २००५ चा ग्रंथ मात्र दोन्ही पक्षांना हाताशी ठेवावा लागतो.

व्यंजनांच्या बाबतीत मराठी माणसाची थोडी सोय आहे. सिरिलिकमध्ये ‘त’ आणि ‘द’ अशी लिहिलेली जोडी प्रत्यक्षात अघोष आणि घोष यांची नाही. ती अल्पप्राण आणि महाप्राण यांची आहे. ‘ताल’ म्हणून लिहिलेला शब्द, म्हणजे गवताळ मैदान, कानावर ‘थल’ असा पडतो आणि ‘दाल’ लिहिलेला, म्हणजे सत्तर, ‘तल’ असा. इंग्रजी किंवा रशियन बोलणाऱ्याला हे शिकवावे लागते, बाराखडी शिकलेल्याला पहिल्या दिवशी ऐकू येते. शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी महाप्राण आला की हवेचा झोत व्यंजनाच्या आधीच सुटतो. हे आपल्याकडे नाही. या दोन्ही शब्दांच्या शेवटचा ‘ल’ही आपला नव्हे. जीभ दाताला टेकलेली असताना दोन्ही कडांनी हवा घासत बाहेर पडते आणि त्यातून सळसळ ऐकू येते. बाजारात शेजारी उभ्या असलेल्या दोन बायकांच्या बोलण्यात शब्द कळत नसले तरी ही सळसळ सतत जाणवत राहते.

शब्दांचे शेवटचे स्वरही खाल्खाने जवळजवळ गिळून टाकले आहेत. पहिल्या अक्षरावरचा स्वर स्पष्ट उच्चारायचा, पुढचे ऱ्हस्व स्वर पुसट करायचे किंवा सोडून द्यायचे, असा तिचा स्वभाव आहे. त्यामुळे व्यंजनांचे गठ्ठे तयार होतात आणि परक्याला वाटते की हे लोक फार घाईत आहेत.

वाक्यरचनेत मात्र मराठी वाचकाला परके वाटावे असे फार थोडे आहे. क्रियापद शेवटी येते, विशेषण नामाआधी आणि शब्दयोगी अव्यय नामानंतर. ‘जाऊन’, ‘जाता जाता’, ‘गेल्यावर’ अशा धातुसाधितांची मोठी रांग मंगोलमध्ये आहे आणि एकाच वाक्यात अशी चार-पाच रूपे ओवून शेवटी एकच पूर्ण क्रियापद येणे नेहमीचे आहे. ‘तो येईल असे म्हणाला’ याला खाल्खात ‘तेर इर्ने गेज खेलसेन’ म्हणतात. यातला ‘गेज’ हा ‘म्हणणे’ अर्थाच्या धातूपासून झाला आहे आणि ‘येणार म्हणून म्हणाला’ यातल्या ‘म्हणून’चेच काम करतो. ‘पुस्तक-बिस्तक’ला तिथे ‘नोम-मोम’ आहे. शब्दच ‘म’ने सुरू होत असेल तर जोडीला ‘झ’ येतो. मांस म्हणजे ‘मख’, म्हणून ‘मख-झख’. निरोप घेताना ‘बि यवला’, म्हणजे अजून न निघालेला माणूस भूतकाळात बोलतो, आपल्या ‘मी निघालो’सारखा. ही साम्ये नात्याची नाहीत, मराठी आणि मंगोल यांचा वंश एक नाही. मरे एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचे मांडले आणि कॉलिन मसिका यांनी १९७६ मध्ये त्या लक्षणांचे नकाशे काढले. तेव्हा दिसले की क्रियापद शेवटी असणे किंवा धातुसाधितांची साखळी ही लक्षणे हिमालयापाशी थांबत नाहीत. मध्य आशियातून थेट मंगोलियापर्यंत आणि पुढे जपानपर्यंत जातात.

एक गोष्ट मराठीत प्रत्ययाने होत नाही, ती अशी. भूतकाळ सांगताना खाल्खा बोलणाऱ्याला ती गोष्ट आपल्याला कशी कळली हेही क्रियापदातच सुचवता येते. ‘बोरो ओरलो’ म्हणजे पाऊस पडला, आत्ताच, माझ्या देखत. सकाळी उठून अंगण ओले दिसले तर ‘बोरो ओर्जे’, म्हणजे पडलेला दिसतोय. ‘बोरो ओरसोन’ हे या बाबतीत तटस्थ. मराठीत याला ‘वाटतं’, ‘म्हणे’ असे शब्द जोडावे लागतात. बेन्यामिन ब्रोसिग यांनी स्टॉकहोममध्ये २०१४ मध्ये पूर्ण केलेल्या प्रबंधात ही रूपे प्रत्यक्ष संभाषणांतून तपासली. व्याकरणाच्या जुन्या पुस्तकांत यांना नुसते पहिला, दुसरा, तिसरा भूतकाळ म्हणून उरकले होते, ते वाचून कोणालाही नीट बोलता आले नसते.

उलानबातरच्या पुरातत्त्व संस्थेत एक दगड आहे, त्याच्याकडे भारतीय प्रवाशाने लक्ष द्यायला हवे. हा बुल्गान प्रांतातल्या खुइस तोल्गोइ इथला, १९७५ मध्ये सापडलेला शिलालेख. त्यावरची लिपी ब्राह्मी आहे. कितीतरी वर्षे तो कोणत्या भाषेत आहे हे कळत नव्हते. २०१४ मध्ये डीटर माउए, अलेक्झांडर वोविन, मेहमेत ओल्मेझ आणि एत्येन द ला वेसिएर या चौघांनी तो तपासला आणि पुढच्या तीन-चार वर्षांत निष्कर्ष प्रसिद्ध केले. माउए यांनी अक्षरे वाचली, वोविन यांनी भाषा ओळखली : मंगोल कुळाच्या अगदी जवळची. काळ सातव्या शतकाची सुरुवात. म्हणजे चंगीझखानाच्या सहाशे वर्षे आधी या कुळातली भाषा लिहिली गेली ती देवनागरीच्या पूर्वज लिपीत. त्याआधी मंगोल भाषेचा सर्वात जुना पुरावा म्हणून १२२५ च्या सुमाराचा, आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात असलेला शिलालेख दाखवला जाई. वोविन यांच्या वाचनातल्या काही शब्दांवर मतभेद आहेत, एवढ्या झिजलेल्या दगडावर ते असणारच.

उलानबातरहून उत्तरेला जाणारी गाडी सुखबातर-नाउश्की इथे सीमा ओलांडून बुर्यात प्रजासत्ताकाच्या राजधानीला, उलान-उदेला पोचते. डब्यात एकमेकांशी खाल्खा आणि बुर्यात बोलणारे प्रवासी असले तर त्यांचे निम्मे संभाषण निभावते, निम्मे रशियनवर जाते. अडचण कुठे आहे ते सणाच्या नावावरूनच कळते. नववर्षाच्या ‘पांढऱ्या महिन्याला’ खाल्खात ‘त्सगान सार’ म्हणतात आणि बुर्यातमध्ये ‘सगान हारा’. बुर्यातमध्ये शब्दारंभीच्या जुन्या ‘स’चा ‘ह’ झाला. मग रिकाम्या झालेल्या ‘स’च्या जागी ‘त्स’ सरकला, आणि ‘च’चा ‘श’ झाला. लांडगा तिकडे ‘चोन’, इकडे ‘शोनो’. सिंधूचे हिंदू करणाऱ्या इराणी भाषांनीही पहिले पाऊल हेच टाकले होते. व्याकरणातला मोठा फरक क्रियापदात आहे. खाल्खात ‘मी जातो’, ‘तू जातोस’, ‘तो जातो’ या तिन्हींना क्रियापद एकच. बुर्यातमध्ये सर्वनाम मागून येऊन क्रियापदाला चिकटले आहे : ‘याबनाब’ म्हणजे मी जातो. हे जुने अवशेष नाहीत, मागाहून उगवलेले प्रत्यय आहेत. त्यांच्यातला ‘ब’ म्हणजे ‘बि’, ‘मी’, हे अजून स्पष्ट दिसते.

बुर्यातांनी मंगोल अभ्यासाला माणसेही दिली. त्सिबेन झाम्त्सारानो यांनी गावोगाव फिरून वीरगाथा उतरवून घेतल्या आणि १९२१ मध्ये मंगोलियात स्थापन झालेल्या ग्रंथ-संस्थेची उभारणी केली. तीच आजच्या विज्ञान अकादमीची पूर्वज. १९३७ मध्ये सोव्हिएत पोलिसांनी त्यांना अटक केली आणि १९४२ मध्ये ते तुरुंगात मरण पावले. त्या दशकात रशियातल्या पौर्वात्य विद्येचे जे झाले त्याचा हा एक मासला आहे, एकमेव नव्हे.

चीनमधल्या अंतर्गत मंगोलियाची राजधानी होहोत इथे सिरिलिक नाहीच. दुकानांवर चिनी अक्षरे आणि शेजारी उभी मंगोल लिपी. या लिपीत ‘त’ आणि ‘द’ बहुतेक ठिकाणी एकसारखे लिहितात, ‘ओ’ आणि ‘उ’ही. त्यामुळे शब्द आधी माहीत असेल तरच तो वाचता येतो. ही उणीव फार पूर्वीच लोकांच्या लक्षात आली होती. १२६९ मध्ये कुब्लाई खानाच्या आज्ञेने तिबेटी लामा फाग्स-पा याने नवी चौकोनी लिपी केली आणि १६४८ मध्ये झाया पंडिताने ओइरात या पश्चिमेकडच्या मंगोल लोकांसाठी स्वरांचे भेद दाखवणारी ‘स्पष्ट लिपी’ केली. जुनी लिपी तरीही हटली नाही. तिच्या संदिग्धपणामुळे वेगवेगळ्या बोलींचे लोक तोच मजकूर आपापल्या उच्चाराने वाचू शकत होते आणि हा फायदा मोठा होता. होहोतच्या विद्यापीठातल्या चिंगेलतेइ यांनी मंगोल व्याकरणाबरोबर खितान लोकांच्या लहान लिपीच्या उलगड्यावर आयुष्य घातले. खितान ही लियाव राजवंशाची, मंगोलची चुलत भाषा. २०२० मध्ये याच प्रदेशातल्या शाळांत भाषा, राजकारण आणि इतिहास हे विषय मंगोलऐवजी चिनीतून शिकवायचा आदेश निघाला, तेव्हा पालकांनी मुलांना शाळेत पाठवणे थांबवले. आदेश मागे घेतला गेला नाही.

होहोतच्या नैर्ऋत्येला, पीत नदीच्या वळणात ओर्दोस आहे. बेल्जियन धर्मोपदेशक आन्त्वान मोस्तार्त १९०६ ते १९२५ इथे राहिले. धर्मप्रसार किती झाला ते चर्च जाणे, पण त्यांचा १९४१ ते १९४४ मध्ये निघालेला ओर्दोस कोश मंगोल बोलींवरच्या कामातला सर्वोत्तम आहे असे मी म्हणेन. प्रत्येक शब्दाला उच्चार, वापर, म्हण, विधी अशी पुस्ती आहे.

या सगळ्या शोधाचा गाभा मात्र आणखी पश्चिमेला, छिंगहाइ आणि गान्सू या प्रांतांत आहे. ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ हा तेराव्या शतकातला ग्रंथ पूर्ण स्वरूपात टिकला तो चिनी अक्षरांत ध्वनी उतरवून. मिंग काळात दुभाष्यांना शिकवण्यासाठी ही प्रत तयार झाली. तिच्यात ‘लाल’साठी ‘हुलाआन’ आहे. आजच्या ‘उलान’मध्ये ‘ह’ नाही आणि उभ्या लिपीतही तो कधी लिहिलाच गेला नाही. पॉल पेलियो यांनी १९२५ मध्ये असे शब्द गोळा करून दाखवले की तेराव्या-चौदाव्या शतकातल्या मंगोलमध्ये शब्दारंभी खरोखरच ‘ह’ होता. शीनिंगजवळच्या हुजू परिसरातले मोंगुओर लोक आजही लालला ‘फुलान’ म्हणतात आणि ईशान्य चीनमधले दागुर ‘हुलान’. ‘प’चा ‘फ’, ‘फ’चा ‘ह’ आणि शेवटी काहीच नाही, अशी ही उतरंड आहे. राजधानीच्या नावातला जो ध्वनी राजधानीने गमावला, तो शोधायला काठावरच्या खेड्यांत जावे लागते. केंद्रात भाषा वेगाने बदलते, काठावर जुने उरते, हे इथे जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल.

काठावर सगळेच जुने उरते असे मात्र नाही. अंड्याला खाल्खात ‘ओन्दोग’ म्हणतात आणि मोंगुओरमध्ये ‘न्दिगे’. मूळ शब्द ‘ओन्देगेन’सारखा. खाल्खाचा जोर पहिल्या अक्षरावर, म्हणून तिचे शेपूट झडले. मोंगुओरचा जोर शेवटावर, म्हणून तिचे डोके गेले. मोस्तार्त आणि आल्बेर द स्मेत या दोन धर्मोपदेशकांनी १९२९ पासून मोंगुओरचे ध्वनी, कोश आणि व्याकरण प्रसिद्ध केले. १९५० च्या दशकाच्या मध्यावर चीनने या भाषांची मोठी पाहणी केली. तीत सोव्हिएत तज्ज्ञ म्हणून आलेल्या बुल्याश तोदायेवा स्वतः काल्मिक होत्या. दोंगशियांग, बाओआन, मोंगुओर आणि दागुर या चार भाषांवर त्यांनी स्वतंत्र पुस्तके लिहिली. दोंगशियांग लोक मुसलमान आहेत, त्यांची संख्या सहा लाखांवर आहे. त्यांच्या भाषेतून स्वरसंवाद गेला, चिनी शब्द लोंढ्याने आले आणि वाक्याच्या मध्ये चिनी ‘आहे’ येऊन बसले. तरी शेवटचे मंगोल ‘आहे’ पुष्कळदा जागेवरच असते, म्हणजे एका वाक्यात दोन. मिनहे तालुक्यातल्या मांग्गुएर या मोंगुओरच्या बोलीचे व्याकरण कीथ स्लेटर यांनी २००३ मध्ये लिहिले. तिथे बोलणारा स्वतःबद्दल आतून सांगतो आहे की दुसऱ्याबद्दल बाहेरून, यावर क्रियापदाचे रूप बदलते. ही सवय तिबेटीच्या शेजाराची. हान्स नुख्तेरेन यांनी २०११ मध्ये या सगळ्या भाषांचे ध्वनी मूळ मंगोलशी शब्दवार ताडून पाहिले.

दागुरमध्ये आणखी एक जुनी गोष्ट शाबूत आहे. मराठीत ‘आम्ही’ म्हटले तर ऐकणारा त्यात नाही, ‘आपण’ म्हटले तर आहे. जुन्या मंगोलमध्ये हाच भेद ‘बा’ आणि ‘बिदा’ यांत होता. खाल्खाने ‘बा’ टाकून दिला. दागुरमध्ये ‘बा’ आणि ‘बिएद’ दोन्ही चालतात.

काल्मिक लोक ओइरातांचेच वंशज. सतराव्या शतकात ते व्होल्गाच्या खालच्या खोऱ्यात पोचले, आणि एलिस्ता ही त्यांची राजधानी युरोपात आहे. रामस्टेटने त्यांच्या भाषेचा कोश १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. आठ वर्षांनी, २८ डिसेंबर १९४३ ला, स्टालिनच्या आज्ञेने सगळे काल्मिक गुरांच्या डब्यांतून सायबेरियाला हाकलले गेले; परतीची परवानगी १९५७ मध्ये मिळाली. तोवर एक पिढी रशियन शाळांत वाढली होती. काल्मिक लिहिताना पुसट स्वर गाळतात, त्यामुळे छापील पान व्यंजनांनी भरलेले दिसते. आज ते पान सहज वाचणारे तरुण थोडे आहेत.

सर्वात दूरची शाखा अफगाणिस्तानात, हेरातच्या आसपास होती. तिथल्या मोगोल भाषेचे पहिले शब्द जमवले ते मुंबईच्या फौजेतल्या इंजिनिअर दलाचा लेफ्टनंट रॉबर्ट लीच याने. बर्न्स या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या काबूल मोहिमेत असताना केलेली त्याची शब्दयादी १८३८ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आली. १९०३ मध्ये रामस्टेटला कुश्का या सीमेवरच्या रशियन ठाण्यात दोन मोगोल भेटले, त्यांच्याकडून त्याने जे मिळवले ते १९०६ मध्ये छापले. पुढे इवामुरा शिनोबु यांना झिर्नी गावात अरबी लिपीतली मोगोल हस्तलिखिते मिळाली, आणि मिखाएल वायर्स यांनी हेरात प्रांतातल्या भाषेचे सविस्तर वर्णन १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. माझा प्रवास हेरातपर्यंत झाला नाही. तिथले मोगोल आता दारी आणि पश्तू बोलतात, आणि त्यांच्या जुन्या भाषेचा अभ्यास याच नोंदींवरून करावा लागतो.